हिंदुस्थानातील स्वयंसेवक सैनिकांची दीर्घसेवा पदके कशी जमवावीत: नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी माझे पहिले पदक विकत घेतले. जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर पितळी कुलपे, घड्याळांची सुटी चक्रे आणि तुटलेले अडकित्ते यांच्यामध्ये ते पडले होते. ते चांदीचे आहे आणि त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे, एवढेच मला कळत होते. काळे पडलेले म्हणून मी ते घराजवळच्या एका सराफाकडे चकाकी देण्यासाठी नेले. संध्याकाळी ते आरशासारखे लखलखीत होऊन परत आले. पुढे काही महिन्यांनी एका जुन्या संग्राहकांनी भिंगाखाली त्याची कड मला दाखवली, तेव्हा माझ्या हातून काय झाले ते लक्षात आले. कडेवर बारीक अक्षरांत त्या माणसाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली होती, आणि पॉलिशच्या चाकाने त्यातले नाव जवळजवळ पुसून टाकले होते. शेवटचा ‘रायफल्स’ हा शब्द तेवढा वाचता येत होता. ज्या माणसाने वीस वर्षे कवायतीला हजेरी लावून ते पदक मिळवले, तो कोण होता हे आता कधीच कळणार नाही.

या पदकांमध्ये कडेवरचे नाव हीच खरी ठेव आहे, कारण राजाराणीचे मुखवटे सगळ्या पदकांवर सारखेच असतात. पुढे जे लिहिले आहे ते सारे त्या नावाभोवतीच फिरते.

१. हे पदक कोणाला मिळत असे ते आधी समजून घ्या

१८५७ नंतर हिंदुस्थानात सवेतन सैन्याच्या जोडीला स्वयंसेवक दले उभी राहिली. आपापली नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून ठरावीक कवायती आणि नेमबाजी करणाऱ्या नागरिकांची ही दले होती. चहाचे मळेवाले, निळीचे बागाईतदार, बंदरातील कारकून, वकील, व्यापारी आणि सर्वांत मोठ्या संख्येने रेल्वेचे कर्मचारी त्यांत होते. रेल्वे कंपन्यांमध्ये युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांना स्वयंसेवक दलात नाव घालणे हा नोकरीचाच भाग होता, त्यामुळे ‘स्वयंसेवक’ हा शब्द येथे थोडा सैल अर्थाने घ्यावा लागतो.

आपल्याकडच्या वाचकाला ओळखीची वाटतील अशी दले म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व्हॉलंटिअर रायफल्स, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे व्हॉलंटिअर रायफल्स, बॉम्बे व्हॉलंटिअर रायफल्स, बॉम्बे लाइट हॉर्स (हे घोडेस्वार दल), पूना व्हॉलंटिअर रायफल्स आणि नागपूर व्हॉलंटिअर रायफल्स. बंगाल आणि आसामकडे कलकत्ता लाइट हॉर्स, बिहार लाइट हॉर्स, सुरमा व्हॅली लाइट हॉर्स, ईस्ट इंडियन रेल्वे व्हॉलंटिअर रायफल्स ही दले होती. दक्षिणेत निलगिरी व्हॉलंटिअर रायफल्स होते.

या दलांची दारे सामान्य हिंदी माणसाला बंद होती. १८८५ मध्ये रशियाच्या हालचालींमुळे सरहद्दीवर युद्धाचे सावट आले, तेव्हा मुंबई, पुणे, मद्रास येथील सुशिक्षितांनी आम्हालाही स्वयंसेवक म्हणून घ्या, अशी मागणी केली होती. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्याला भरलेल्या राष्ट्रीय सभेने (काँग्रेसने) तसा ठरावही केला. सरकारने ती मागणी मान्य केली नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण इगतपुरी, भुसावळ, लोणावळा, कल्याण येथील ज्या रेल्वे वसाहतींमधून ही पदके बाहेर पडली, तेथेच रुळांवर राबणाऱ्या मराठी गँगमन आणि खलाशी म्हणवल्या जाणाऱ्या मजुरांच्या हाती ती रायफल दिली जात नव्हती. संग्रह करताना पदकाची ही दुसरी बाजूही आपल्या नोंदीत असली पाहिजे, असे माझे मत आहे.

आता पदकांचा क्रम पाहू. ब्रिटनमधील स्वयंसेवक दलांसाठी १८९४ मध्ये दीर्घसेवा पदक सुरू झाले. अधिकाऱ्यांसाठीचे व्हॉलंटिअर ऑफिसर्स डेकोरेशन त्याआधी, १८९२ मध्ये, निघाले होते. १८९६ मध्ये हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी दीर्घसेवा पदकाची स्वतंत्र आवृत्ती काढण्यात आली. वीस वर्षांची सेवा ही तिची मुख्य अट होती. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, वसाहतींसाठी कलोनिअल ऑक्झिलिअरी फोर्सेस लाँग सर्व्हिस मेडल हे वेगळे पदक आले, आणि मूळ पदक त्यापुढे मुख्यतः हिंदुस्थानापुरते राहिले. १९३० मध्ये या दोन्हींची जागा एफिशिअन्सी मेडलने घेतली आणि सेवेची अट बारा वर्षांवर आली.

म्हणजे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ किंवा सिलोनमधील स्वयंसेवकाचे १९०५ सालचे पदक आणि भुसावळच्या रेल्वे स्वयंसेवकाचे त्याच सालचे पदक ही दोन वेगळी पदके आहेत. नवख्या माणसाची पहिली गल्लत बहुधा येथेच होते.

२. जवळ काय असावे

बाजारात जाताना खिशात मावतील अशी तीन साधने पुरेशी आहेत: दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्नियर कॅलिपर आणि दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. मोबाइलचा दिवा चौथे साधन ठरतो. तो पदकावर समोरून न पाडता कडेला तिरपा धरावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात.

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी पहिल्या खरेदीपासूनच जपून ठेवा:

- विक्रेत्याची तारीख असलेली पावती, तिच्यावर पदकाचे वर्णन आणि कडेवरचा पूर्ण मजकूर
- लिलावातून घेतले असल्यास लिलावसूचीतील त्या नगाचे पान आणि देयक
- परदेशातून मागवले असल्यास सीमाशुल्क भरल्याची पावती
- पदकाबरोबर मिळालेली प्रमाणपत्रे, पगारपत्रके, छायाचित्रे, अगदी जुना लिफाफासुद्धा
- तुम्ही स्वतः काढलेली दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे

जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पावती मागितली, तर विक्रेता हसण्याची शक्यता असते. अशा वेळी साध्या कागदावर वर्णन, रक्कम आणि तारीख लिहून त्याची सही घ्यावी. बहुतेक जण नकार देत नाहीत.

३. दर्शनी आणि मागची बाजू तपासा

पदक चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे असते. वर फीत ओवण्यासाठी सरळ दांडी असते आणि फीत साधी हिरवी, ३२ मिलिमीटर रुंदीची असते. फीत नवी असेल, तर त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. शंभर वर्षांत फिती कुजतात आणि बदलल्या जातात. उलट मूळ फीत टिकून असेल, तर ती कितीही विटकी असली तरी काढू नये.

व्हिक्टोरियाच्या काळातील पदकात सगळा भेद तिच्या मुखवट्याभोवतीच्या लेखात आहे. ब्रिटनमधील आवृत्तीवर ‘व्हिक्टोरिया रेजिना’ एवढेच लिहिलेले असते. हिंदुस्थान आणि वसाहतींच्या आवृत्तीवर ‘व्हिक्टोरिया रेजिना एट इंपेराट्रिक्स’, म्हणजे राणी आणि सम्राज्ञी, असा लॅटिन लेख असतो. विक्रेते ब्रिटनमधील पदक ‘इंडियाचे’ म्हणून विकतात, कारण त्यांनाही हा फरक ठाऊक नसतो. ब्रिटनमधील या पदकांपैकी पुष्कळ नगांच्या कडेवर नावच नसते, आणि कड कोरी असल्याने भाव कमी लागतो म्हणून नवा संग्राहक तीच आधी उचलतो.

सातव्या एडवर्ड राजाच्या काळातील हिंदुस्थानी पदकांवर ‘कैसर-इ-हिंद’ ही पदवीही आढळते. ते शब्द वाचून अनेकांना वाटते की, हाती कैसर-इ-हिंद पदकच लागले. ते १९०० साली सुरू झालेले, सार्वजनिक सेवेसाठी दिले जाणारे निराळे पदक आहे. गांधीजींना १९१५ मध्ये मिळालेले आणि त्यांनी १९२० मध्ये परत केलेले ते हेच. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळाले तेही हेच. त्याचा आकार लंबगोल असतो आणि रचना पूर्ण वेगळी असते. आपल्या पदकावर तो शब्द केवळ राजाची पदवी म्हणून येतो.

मागच्या बाजूला लॉरेलच्या फांद्या आणि त्यांवर वळसे घेतलेल्या पट्टीवर ‘स्वयंसेवक दलातील दीर्घ सेवेबद्दल’ या अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. तेथे मुकुटाखाली नक्षीदार चौकट आणि चौकटीत ‘कलोनिअल ऑक्झिलिअरी फोर्सेस’ हे शब्द दिसले, तर ते वसाहतींचे पदक समजावे. १९३० नंतरचे एफिशिअन्सी मेडल दुरूनही ओळखता येते, कारण ते लंबगोल असून फितीच्या हिरव्या रंगाला दोन्ही काठांनी पिवळी पट्टी असते आणि वरच्या दांडीवर ‘इंडिया’ असे देशाचे नाव असते.

४. कड वाचायला शिका

येथे घाई करू नका. पदक दोन बोटांत उभे धरा, दिवा तिरपा ठेवा आणि दांडीच्या एका बाजूपासून सुरुवात करून सावकाश फिरवत चला. मजकूर सामान्यतः क्रमांक, हुद्दा, नावाची आद्याक्षरे, आडनाव आणि दल या क्रमाने येतो. काही पदकांवर क्रमांक नसतो. वाचलेले जसेच्या तसे, टिंबे आणि स्वल्पविरामांसह वहीत उतरवा. अक्षर लागत नसेल, तर तेथे अंदाज न लिहिता रिकामी जागा सोडा. मी एकदा तीन अक्षरे अंदाजाने भरली आणि जवळजवळ वर्षभर चुकीच्या आडनावाच्या माणसाला शोधत राहिलो.

संक्षेपांची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. व्ही, ओ, एल, आर ही चार अक्षरे हुद्द्याच्या जागी आली तर त्यांचा अर्थ ‘व्हॉलंटिअर’, म्हणजे त्या दलातील साधा शिपाई. दलाच्या जागी ‘व्ही. आर.’ असेल तर व्हॉलंटिअर रायफल्स, ‘एल. एच.’ असेल तर लाइट हॉर्स. ‘जी. आय. पी.’, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आपल्या परिचयाचे आहे. ‘ई. आय.’ म्हणजे ईस्ट इंडियन आणि ‘बी. एन.’ म्हणजे बंगाल नागपूर. ‘आय. डी. एफ.’ दिसले तर ते इंडियन डिफेन्स फोर्स, म्हणजे १९१७ नंतरचे, कारण महायुद्धाच्या त्या वर्षी जुनी स्वयंसेवक दले मोडून त्यांच्या जागी हे दल आले. ‘ए. एफ. आय.’ म्हणजे ऑक्झिलिअरी फोर्स, इंडिया. हे दल १९२० मध्ये आले. अशा रीतीने राजाचा मुखवटा पाहण्याआधीच कड तुम्हाला पदकाचा काळ सांगून टाकते, आणि मुखवटा व कड यांचा मेळ बसत नसेल तर शंका घ्यायला तेवढे पुरते. व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि कडेवर ‘ए. एफ. आय.’ असे पदक कोणी दाखवले, तर नम्रपणे परत ठेवून पुढे चालू लागावे.

अक्षरे दोन प्रकारची आढळतात. काही पदकांवर ती एकेका अक्षराच्या ठशाने ठोकलेली, सरळ उभी आणि सारख्या खोलीची असतात. काहींवर ती हाताने कोरलेली, कधी उभ्या मोठ्या अक्षरांत तर कधी वळणदार तिरप्या लिपीत असतात. हिंदुस्थानी पदकांवर कोरीव अक्षरे पुष्कळ दिसतात. त्यामुळे कोरलेले म्हणजे खोटे, असा इंग्लंडच्या पदकांवरून बांधलेला आडाखा येथे लावू नये. कोरीव अक्षराच्या तळाशी भिंगातून पाहिले, तर छिन्नीचा बारीक चकचकीत चर दिसतो आणि जुन्या पदकात त्या चरातही काळपटपणा बसलेला असतो. चर आतून स्वच्छ आणि बाहेरची कड मात्र काळी असेल, तर अक्षरे नंतर घातली असण्याची शक्यता मोठी.

५. खोडलेले, बदललेले आणि नक्कल केलेले पदक ओळखा

खोट्या पदकांपेक्षा ‘बदललेली’ पदके अधिक त्रास देतात. खऱ्या पदकाची कड कानशीने घासून जुने नाव काढतात आणि एखाद्या दुर्मीळ दलाचे नाव नव्याने कोरतात. येथे कॅलिपर उपयोगी पडतो. व्यास चार ठिकाणी मोजा. ३६ मिलिमीटरपेक्षा स्पष्टपणे कमी भरला, किंवा एका ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर भरला, तर घासण्याचे काम झाले आहे असे समजा. कड पदकाच्या दोन्ही पृष्ठभागांना काटकोनात भेटली पाहिजे. बोटाच्या पेराने तिच्यावरून फिरवले असता खोलगट भाग लागला, तर डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

ओतीव नकला सोप्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक छिद्रे दिसतात, लेखातील अक्षरांच्या कडा गोलसर आणि पिठूळ असतात, राणीच्या ओढणीचे नाजूक काम एकमेकांत मिसळलेले असते आणि कधी कडेवर साच्याची सांधरेषाही राहिलेली असते. वजन एरवीच्या नगांशी ताडून पाहावे.

दांडीही पाहा. पुष्कळ पदकांची दांडी काढून त्यांच्या पिना किंवा घड्याळाच्या साखळीची लोलके केली गेली, आणि पुढे विकताना नवी दांडी डाखली गेली. डाख दिलेल्या जागी चांदीचा रंग किंचित वेगळा आणि पृष्ठभाग वितळल्यासारखा दिसतो. असे पदक घ्यायचेच नाही असे नाही. कड शाबूत असेल तर मी घेतो, मात्र दुरुस्तीची नोंद करून आणि त्या मानाने भाव ठरवून.

६. कोठे घ्यावे आणि भाव कसा ठरवावा

पहिल्या वर्षभरात दहा पदके पाहून एक घ्यावे, इतकाच वेग ठेवा. मुंबई, पुणे, नागपूर येथील नाणी प्रदर्शनांमध्ये पदके विकणारे एकदोन जण असतातच, आणि तेथे विकत न घेतासुद्धा हाताळायला मिळते. चोर बाजारातील मटण स्ट्रीट किंवा पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार येथे क्वचित काही मिळते, पण तेथील भाव चांदीच्या वजनावर आणि तुमच्या चेहऱ्यावर ठरतो. पदक पाहून डोळे चमकू देऊ नका.

अधिक पदके परदेशात आहेत. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला गेली आणि आजोबांची पदके त्यांच्याबरोबर गेली. तेथे राहणाऱ्या मराठी मित्रमंडळींना मी नेहमी सांगतो की, गावातील आठवडी जुन्यापुराण्या बाजारात ‘बॉम्बे’, ‘जी. आय. पी.’ किंवा ‘पूना’ असे शब्द कडेवर दिसले तर मला आधी छायाचित्र पाठवा. लंडनमधील स्पिंक आणि नूनन्स या लिलावगृहांच्या आधी झालेल्या विक्रीच्या नोंदी संकेतस्थळांवर पाहता येतात. तुम्हाला मिळत असलेल्या पदकाच्याच दलाची, त्याच राजाच्या काळातील किमान आठदहा पदके आजवर कितीला गेली ते तेथे पाहा, तारखा लिहून घ्या आणि मग आकडा ठरवा. हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नसते. तिच्यावर खरेदीदाराचे शुल्क, कर, टपाल, विमा आणि आपल्याकडे पोहोचल्यावर सीमाशुल्क असा भार चढतो. मी पहिल्या परदेशी खरेदीत हा हिशेब केला नव्हता, आणि स्वस्तात मिळाले असे वाटलेले पदक घरी येईपर्यंत महाग पडले.

रेल्वेची दले मोठी असल्यामुळे त्यांची पदके तुलनेने अधिक सापडतात आणि घोडेस्वार दलांची कमी, कारण ती संख्येनेच लहान होती. व्हिक्टोरियाच्या मुखवट्याची हिंदुस्थानी आवृत्ती १८९६ मध्ये निघाली आणि राणी १९०१ च्या जानेवारीत वारली, म्हणजे मधला काळ थोडाच, हेही भावात धरावे लागते. पण नव्या माणसाने दुर्मीळतेच्या मागे न लागता रेल्वेपासूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगेन. त्या माणसांचा माग काढता येतो आणि तो माग आपल्याच गावांतून जातो.

७. कायद्याची बाजू दुर्लक्षू नका

पुरावशेष आणि कलासंपदा कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९७६ पासून अमलात आला. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुन्या कारागिरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. उल्लंघनाला कैदेची शिक्षा आहे. आपल्या विषयातील बहुसंख्य पदके आता शंभरी ओलांडलेली आहेत किंवा लवकरच ओलांडतील. त्यामुळे परदेशातील मित्राशी अदलाबदल करण्याचे वचन देण्याआधी, किंवा पदक टपालाने बाहेर पाठवण्याआधी, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे लेखी विचारणा करा. वस्तू पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र लागत असेल, तर ते हातात आल्याशिवाय पाकीट बंद करू नका. पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा करायलाही परवाना लागतो. म्हणून एकेक पदक जमवता जमवता नकळत व्यापारी होऊ नका. परदेशातून आणलेल्या पदकाची आयातीची कागदपत्रे जपायची ती यासाठीही, की ते बाहेरून आले आहे हे उद्या दाखवता आले पाहिजे.

८. माणसाचा माग काढा

कडेवरचे नाव आणि दल मिळाले की खरे काम सुरू होते. येथे एक सापळा आधीच सांगतो. ब्रिटिश सरकारच्या लंडन गॅझेट या राजपत्रात नाव सापडले नाही म्हणून पदक खोटे ठरवू नका. साध्या स्वयंसेवकांची दीर्घसेवा पदके तेथे छापली जात नसत. ती हिंदुस्थानातील लष्करी आदेशपत्रांत जाहीर होत.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, दप्तर आहे. त्यात बाप्तिस्मे, विवाह आणि दफनाच्या नोंदींची मालिका इलाख्यांप्रमाणे लावलेली असून ‘एन ३’ हा मुंबई इलाख्याचा भाग आहे. या नोंदींमध्ये बापाच्या व्यवसायाचा रकाना असतो, आणि तेथेच आपला सार्जंट अचानक गार्ड, फिटर किंवा इंजिन ड्रायव्हर म्हणून भेटतो. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेने अशा नोंदींच्या सूची शोधता येतील अशा केल्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल हे संकेतस्थळ आहे, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. तेथे जाताना ओळखपत्र, अर्ज आणि आपण नेमके काय शोधत आहोत हे एका वाक्यात सांगण्याची तयारी असावी. ‘रेल्वेवाल्याची माहिती हवी’ असे मोघम सांगितले, तर कर्मचारी मदत करू शकत नाहीत. नाव, दल, सालाचा अंदाज आणि गाव सांगितले, तर ते पुष्कळ काही काढून देतात.

स्थानिक शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्याकडच्या जी. आय. पी. दलाच्या एका सार्जंटचे नाव मला कोणत्याही सूचीत लागत नव्हते. आडनावाचे स्पेलिंग कडेवर एक आणि नोंदीत दुसरे होते, एवढ्याशा फरकाने तो निसटत होता. अखेर घाटाच्या पायथ्याच्या एका रेल्वे गावातील ख्रिस्ती दफनभूमीत, करवंदीच्या जाळीआड, त्याच्या बायकोची शिळा सापडली. तिच्यावर नवऱ्याचे नाव आणि ‘लोको विभाग’ असे कोरलेले होते. शिळेवरील स्पेलिंग घेऊन पुन्हा नोंदींकडे गेलो, तेव्हा अर्ध्या तासात त्याचा विवाह, दोन मुलांचे बाप्तिस्मे आणि स्वतःचे दफन असे सगळे ओळीने मिळाले. म्हणून आडनाव शोधताना उच्चार डोक्यात ठेवा आणि त्याची चारपाच स्पेलिंगे आधीच कागदावर लिहून घ्या. दफनभूमीत जाताना चर्चच्या धर्मगुरूंची परवानगी घ्या, शिळांवर खडू किंवा रंग चोळू नका आणि बाटलीभर साधे पाणी व मऊ ब्रश यांपलीकडे काही वापरू नका.

आणखी एक गोष्ट मुद्दाम पाहा. १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धासाठी हिंदुस्थानातील स्वयंसेवक दलांतून लम्सडेन्स हॉर्स ही तुकडी उभारली गेली होती. तुमच्या माणसाचे नाव तिच्या पटावर निघाले, तर त्याचे दुसरे पदक कोठेतरी वेगळे फिरत असण्याची शक्यता आहे. एकाच माणसाची ताटातूट झालेली पदके पुन्हा एकत्र आणणे यासारखे समाधान या छंदात दुसरे नाही.

९. पदक सांभाळा

चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, सराफाचे चाक यांपैकी काहीही वापरू नका. धुळीसाठी मऊ सुती कापड पुरे. काळपट थर हा पदकाचे वय दाखवतो आणि खालच्या अक्षरांचे रक्षणही करतो. नाण्यांसाठी मिळणाऱ्या मऊ, वासाच्या प्लास्टिक पिशव्या टाळा, कारण पीव्हीसी कालांतराने आम्ल सोडते आणि चांदीवर हिरवट चिकट थर येतो. रबरबँड आणि लोकरीचे कापड यांतले गंधक चांदी काळी करते, तेव्हा तीही दूर ठेवा. आम्लरहित कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनी पुड्या तपासाव्या लागतात. पदक हाताळताना ते कडेने धरू नका, असे मी नवीन माणसाला आवर्जून सांगतो. नाण्यांच्या संग्राहकांची सवय नेमकी उलटी असते, पण येथे कडेवरच नाव आहे. सुती हातमोजे घालून दांडीला धरावे.

१०. नोंदवही ठेवा आणि घरच्यांना ती दाखवा

प्रत्येक पदकाला एक पान द्या. कडेचा मजकूर, चार ठिकाणचा व्यास, वजन, दुरुस्ती, कोणाकडून कधी कितीला घेतले, कोणत्या दप्तरात काय शोधले आणि काय सापडले नाही, हे सारे लिहा. सापडले नाही याची नोंद फार उपयोगी पडते, कारण दोन वर्षांनी तीच फाइल पुन्हा मागवण्याचा त्रास वाचतो.

ही वही कपाटात कोठे आहे ते घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या. बाजारात दिसणारी कित्येक पदके आजोबांच्या पश्चात चांदीच्या भावाने मोडीत गेलेल्या चीजवस्तूंमधून निघालेली असतात, आणि जी वितळली त्यांचा तर हिशेबच नाही. मुले परदेशी असतील, तर सातव्या पायरीतील कायदा त्यांनाही लागू आहे, म्हणून पदके त्यांच्या सामानात टाकून देता येणार नाहीत, हे आधीच बोलून ठेवा. एखाद्या संग्रहालयाला किंवा रेल्वेच्या वारसा दालनाला द्यायची असतील, तर कोणत्या पदकाचे काय करायचे ते त्या त्या पानाच्या तळाशी लिहा, तारीख घाला आणि सही करा.